डोनर स्पर्म: पहिल्याच वेळी दुसऱ्याचा विचार करायचा का?

जाईजुई_२
हा माझा दुसरा आयडी. मूळ आयडीने इथे बरेच जण प्रत्यक्ष ओळखतात, म्हणून ॲडमिनना सांगून काढलाय.

मी ३४, नवरा ३७, राहायला मुलुंड. नवऱ्याला अझूस्पर्मिया आहे, वीर्यात शुक्राणू नाहीतच. वाय क्रोमोसोमच्या तपासणीत असा भाग गहाळ निघाला की शस्त्रक्रिया करून शोधण्यातही अर्थ नाही, असं दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी सांगितलं. डोनर स्पर्म घ्यायचं ठरलंय, आणि ते ठरवताना जे रडायचं-भांडायचं ते सगळं झालंय. तेव्हा दत्तक, आयुर्वेद, नवस हे कृपया इथे नको.

माझा प्रश्न पुढचा आहे. काउन्सेलर बाईंनी विचारलं, "एक हवंय की दोन? दोन हवी असतील तर आत्ताच सांगा, त्यावर बरंच अवलंबून आहे." आम्ही दोघं गप्प. एकाची मारामार, आणि ह्या दुसऱ्याचं विचारतायत! पण घरी आल्यापासून डोक्यातून जात नाहीये. आम्हा दोघांनाही भावंडं आहेत, एकुलतं एक नको असं लग्नाआधीपासूनच बोलणं होतं. मग दुसऱ्यासाठी तोच डोनर हवा का? तो मिळतो का? वेगळा घेतला तर मुलांना पुढे काही वाटेल का? सासूबाईंना "टेस्ट ट्यूब करतोय" एवढंच माहीत आहे. माझ्या बहिणीला सगळं माहीत आहे.

ह्यातून गेलेल्या कोणी लिहिलंत तर बरं होईल. विपू (खासगी निरोप) केलीत तरी चालेल.

बोरिवली_फास्ट
आधी एक तर होऊ दे गं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! शुभेच्छा मात्र मनापासून.

प्रयोगशाळेतली
फास्टताई, म्हण छान आहे पण इथे लागू नाही. मी एम्ब्रियॉलॉजिस्ट (प्रयोगशाळेत गर्भ तयार करणारी) आहे, मुंबईतच काम करते. काउन्सेलरनी योग्य वेळी योग्य प्रश्न विचारलाय. बहुतेक ठिकाणी तो विचारलाच जात नाही आणि चार-पाच वर्षांनी जोडपं दारात उभं राहतं, "तोच डोनर द्या" म्हणत.

जाईजुई, नीट समजून घे. डोनरचं सॅम्पल आलं की ते गोठवून किमान सहा महिने बाजूला ठेवतात. डोनरची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस ह्यांची तपासणी पुन्हा होते, ती स्वच्छ आली तरच व्हायल (सॅम्पलची छोटी कुपी) बाहेर जाते. द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांना ती वर्षानुवर्षं टिकते. वितळवल्यावर मात्र हालणाऱ्या शुक्राणूंपैकी अर्धेअधिक जातात.

आता आययूआय केलंस, म्हणजे वीर्य थेट गर्भाशयात सोडलं, तर दर वेळी एक व्हायल संपते. आणि चांगल्या वयातही दर सायकलला दहापैकी एखाद-दोघींनाच दिवस राहतात. म्हणजे पहिल्याच बाळाला हाताशी असलेल्या व्हायल संपून जाऊ शकतात. इक्सीत, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करण्याच्या आयव्हीएफच्याच एका पद्धतीत, प्रत्येक अंड्यात एकच शुक्राणू सोडायचा असतो, त्यामुळे एका व्हायलमध्ये सगळी अंडी होतात. एका खेपेत जे गर्भ तयार होतील त्यातला एक सोडायचा, बाकीचे गोठवायचे. ते गोठवलेले गर्भ म्हणजेच तुझं दुसऱ्याचं नियोजन. डोनर तोच राहतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुझ्या अंड्यांचं वय ३४ वरच थांबतं. लोक डोनरच्या व्हायलचा घोर लावून घेतात. नायट्रोजनमधलं वीर्य म्हातारं होत नाही गं, अंडी होतात. अडतिसाव्या वर्षी दुसरं करायला गेलीस तर अडचण बहुधा तिथून येईल.

आता दुसरी बाजू. दहा अंडी निघाली तर सात-आठ पक्व, त्यातली पाच-सहा फळतात, पाचव्या दिवसापर्यंत दोन-तीन टिकतात. हा साधारण अंदाज, कुणाची दहाच्या दहा वाया गेलेलीही पाहिली आहेत. शिवाय इंजेक्शनं, भूल, खर्च हे सगळं आययूआयच्या कितीतरी पट. तुझ्या नळ्या मोकळ्या असतील, एएमएच (अंड्यांच्या साठ्याची तपासणी) चांगलं असेल आणि एकच मूल हवं असेल तर मी आधी आययूआयच म्हणेन. दोन नक्की हवी असतील तर मात्र आयव्हीएफकडे झुकेन.

जाईजुई_२
हे असं कोणीच सांगितलं नव्हतं. नळ्या ठीक आहेत, एएमएच वयाच्या मानाने थोडं कमी आलंय. थांबा, नवऱ्याला वाचायला देते.

चाळीतला_चष्मा
एकाच वेळी दोन गर्भ सोडून जुळी का नाही करून टाकत? एकदाच बाळंतपण, विषय संपला.

प्रयोगशाळेतली
चष्मा, विषय संपत नाही, नवजात बाळांच्या आयसीयूत सुरू होतो. जुळ्यांत वेळेआधी प्रसूती, कमी वजन, आईचं बीपी हे सगळं वाढतं. "एकाच फटक्यात दोन" हे आमच्याकडे रोज कोणीतरी म्हणतं.

पक्षकार
वकिलीच्या अंगाने लिहिते. असिस्टेड रिप्रॉडक्टिव्ह टेक्नॉलॉजी कायदा २०२१ चा, लागू झाला जानेवारी २०२२ मध्ये. ह्या धाग्यापुरतं त्यात काय आहे ते सांगते.

बँकेने एका दात्याचं वीर्य एकापेक्षा जास्त जोडप्यांना द्यायचं नाही. इथे लोक हमखास गडबडतात. मर्यादा जोडप्यांवर आहे, मुलांवर नाही. तुम्हाला एक मूल झालं म्हणून तोच दाता तुम्हालाच पुन्हा वापरायला ह्या कलमाची आडकाठी नाही. उलट तो दुसऱ्या कोणाला द्यायचा नसल्यामुळे उरलेल्या व्हायल तुमच्या नावाने ठेवण्याची मागणी तुम्ही हक्काने करू शकता. पण मागणी लेखी हवी. तोंडी "हो हो मॅडम, ठेवू" ह्याला अर्थ नाही.

दात्याचे बीज किंवा गर्भ जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवता येतात. तुमच्या वयाला तेवढी पुरेशी आहेत, पण पासष्ट हजार कामांत तारीख विसरू नका. उपचारासाठी बाईचं वय ५० च्या आत आणि पुरुषाचं ५५ च्या आत लागतं.

नवरा-बायकोपैकी कोणीही, गर्भ गर्भाशयात सोडेपर्यंत, संमती मागे घेऊ शकतं. म्हणजे गोठवलेले गर्भ असले तरी दुसऱ्या वेळी दोघांचीही तयारी लागणार. अशा वेळी कपाटातले जुने कागद कामाला येत नाहीत.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मनात जे असतं पण बोललं जात नाही, ते इस्टेटीचं. कायद्याने मूल तुमचंच, तुमच्या पोटचं असावं तसं. दात्याला कुठलाही हक्क नाही आणि जबाबदारीही नाही. दोन मुलांचे दाते वेगळे असले तरी वाटण्यात काडीचा फरक पडत नाही.

चाळीतला_चष्मा
आणि पहिली मुलगी झाली तर दुसरा मुलगाच असा गर्भ निवडता येतो का? नुसतं विचारतोय.

पक्षकार
नाही. १९९४ च्या लिंगनिदानबंदीच्या पीसीपीएनडीटी कायद्यानेही नाही आणि ह्या कायद्यानेही नाही. आणि "नुसतं" विचारूही नका.

ठाण्याची_ठमी
एक बाळबोध शंका. दिराचं किंवा चुलत दिराचं घेतलं तर? मग दुसऱ्या वेळी "तोच डोनर कुठे शोधायचा" हा प्रश्नच नाही. आणि चेहरेपट्टी घरातलीच. आमच्या नात्यात एकांनी विचारलं होतं म्हणे.

प्रयोगशाळेतली
ठमे, सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि बहुधा सासूकडून येणारा. चालत नाही. वीर्य नोंदणीकृत बँकेतूनच येतं, दाता अनोळखीच असतो. आयसीएमआर ह्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २००५ च्या मार्गदर्शक सूचनांतही नातेवाइकाचं किंवा ओळखीच्या माणसाचं वीर्य वापरू नये असंच होतं. आणि नियम बाजूला ठेवला तरी दर गणपतीत एका ताटावर बसायचंय त्या माणसाबरोबर, ह्याचा विचार करा.

खडूस_काका
हे सगळं आपल्याकडे हजारो वर्षांपूर्वी झालेलं आहे. पाच पांडवांचे जनक कोण होते ते आठवा. धर्म, वायू, इंद्र, आणि धाकट्या दोघांचे अश्विनीकुमार. तीन वेगळे आणि एक जोडी. आया दोन. भावाभावांत कधी "तुझा बाप वेगळा" असं झालं का? मुकाट्याने करा दुसरं, हवा तो दाता घेऊन.

कळवा_कार्टी
काका, बरोबर. पण ज्या एका मुलाचं कुंतीने कोणाला सांगितलं नाही, त्याचं काय झालं तेही आठवा की.

खडूस_काका
मान्य. हा मुद्दा तुझा.

एकटी_पण_दुकटी
आता माझं. मी अविवाहित, दोन मुलींची आई, अंधेरीत राहते. थोरली २०२० ची, धाकटी कायदा आल्यानंतरची. दोघी डोनर स्पर्मच्या, डोनर वेगवेगळे. (माहिती नसलेल्यांसाठी: एकट्या बाईला ह्या कायद्यात परवानगी आहे. सरोगसीचं वेगळं आहे, तिथे फक्त विधवा किंवा घटस्फोटित, आणि ३५ ते ४५ वय.)

मलाही तोच डोनर हवा होता. धाकटीच्या वेळी चौकशी केली तर थोरलीच्या डोनरचं काही शिल्लक नव्हतं. कायद्याआधी एकाच डोनरचं सॅम्पल किती घरांत जायचं ह्याचा तेव्हा कोणाला हिशोब नव्हता. त्यामुळे थोरलीची वडिलांकडून अर्धी भावंडं ह्याच शहरात, कदाचित ह्याच लोकलमध्ये असू शकतात. ती वयात आली की हे तिला स्पष्ट सांगणार आहे, लग्न ठरवताना डीएनए तपासून घे म्हणून. तुमच्या मुलांना ही धास्ती नसेल, हा त्या कायद्याचा मोठाच फायदा आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

वेगळा डोनर घेण्याबद्दल: मला वाटलं होतं तेवढं काही झालं नाही. थोरली उंच, सावळी, सरळ केसांची. धाकटी गोल, गोरी, कुरळी. सोसायटीतल्या बायका विचारतात, "ही कोणावर गेली?" मी सांगते, आजीवर. (माझी आजी खरंच कुरळ्या केसांची होती.) थोरलीला तीन वर्षांची असल्यापासून माहीत आहे. धाकटीलाही तसंच कळत गेलं. ह्याचं घरात फार गांभीर्य राहिलेलं नाही. सायकलवरून भांडण झालं की थोरली म्हणते, "माझा डोनर उंच होता, म्हणून मोठी सायकल माझी." धाकटी रडते ती सायकलसाठी.

तरीही पुन्हा संधी मिळाली असती तर मी तोच डोनर घेतला असता. कारण सांगते. उद्या थोरलीने शोध घ्यायचा ठरवला आणि तिला कोणी सापडलं, तर धाकटी त्या गोष्टीच्या बाहेर राहील. एकीला दहा अर्धी भावंडं आणि दुसरीला एकही नाही, असंही होऊ शकतं. दोघींचा शोध एकच असता तर त्या बरोबर गेल्या असत्या.

बोरिवली_फास्ट
हे वाचून गप्प झाले. माझी म्हण मागे घेते.

कळवा_कार्टी
+१. सायकलचं भारी.

थेम्सकाठी
मूळची विलेपार्ल्याची, सध्या लंडन. माझ्या मैत्रिणीने इथे दोन मुलं ह्याच मार्गाने केली, म्हणून इथलं सांगते.

इथे "सिब्लिंग"साठी व्हायल राखून ठेवणं हा नेहमीचा व्यवहार आहे. पहिल्या उपचाराच्या वेळीच जास्तीच्या घ्यायच्या, दरवर्षी साठवणीचे पैसे भरायचे. एका दात्याकडून इथे जास्तीत जास्त १० कुटुंबं. तीही मर्यादा कुटुंबांचीच, त्यामुळे आधीच्या कुटुंबाला दुसरं मूल त्याच दात्याचं करता येतं. मात्र ही मर्यादा ह्या देशापुरती. तोच दाता डेन्मार्कच्या बँकेतला असेल तर इतर देशांत त्याची आणखी कुटुंबं असू शकतात. नेदरलँड्समध्ये २०२३ साली कोर्टाने एका दात्याला आणखी दान करायला बंदी घातली, त्याच्यापासून पाचशेहून जास्त मुलं झाली होती.

मोठा फरक गुप्ततेचा. १ एप्रिल २००५ पासूनच्या दात्यांची ओळख मूल १८ वर्षांचं झालं की मागू शकतं. अशी पहिली मुलं २०२३ मध्ये अठरा वर्षांची झाली. एकाच दात्याची मुलं परस्परांच्या संमतीने एकमेकांना भेटू शकतील अशी नोंदही आहे. मैत्रिणीने तोच दाता धरून ठेवला तो ह्याच कारणाने, एकटी_पण_दुकटी म्हणतायत तेच. भारतात हा दरवाजा मुलासाठी उघडलेला नाही. त्यामुळे तिकडे "तोच डोनर" ह्याचं वजन इथल्याइतकं आहे का, मला शंका आहे.

पक्षकार
थेम्सकाठी, शंका रास्त आहे. पण एक लक्षात घ्या. बँकेला दात्याचं नाव, पत्ता, आधार क्रमांक घ्यावाच लागतो. क्लिनिक आणि बँकेने नोंदी किमान दहा वर्षं ठेवायच्या, त्यानंतर त्या राष्ट्रीय नोंदवहीत जमा करायच्या. आज मुलाला तिथवर पोचता येत नाही. पण कागद आहे. ब्रिटनमध्येही २००५ पर्यंत गुप्तताच होती. आज जन्मणारं मूल २०४० च्या पुढे अठराचं होणार, तोवर आपल्याकडचा कायदा आहे तिथेच राहील ह्यावर मी तरी पैज लावणार नाही. म्हणून डोनर कोड स्वतःच्या फाइलमध्ये लिहून घ्या. नाव नाही, फक्त कोड.

गोड_गुपित
मला हे सगळं पटत नाही. मुलांना सांगायचंच कशाला? आमचा मुलगा आठवीत आहे. आम्हाला डॉक्टरांनीच सांगितलं होतं, घरी जा आणि विसरून जा. विसरलो. सुखात आहोत. दुसरं केलं नाही, कारण पुन्हा त्या वाटेला गेलं की पुन्हा सगळं आठवलं असतं.

कळवा_कार्टी
विसरलात तर ह्या धाग्यावर कशा आलात?

ॲडमिन
कळवा_कार्टी, जपून. दोन प्रतिसाद उडवले आहेत. क्लिनिक आणि डॉक्टरांची नावं लिहू नका, एकमेकांच्या निर्णयांवर टोमणे नकोत.

गोड_गुपित
असू दे ॲडमिन. प्रश्न बरोबर आहे तिचा.

डॉ_आजोबा
निवृत्त बालरोगतज्ज्ञ. गोड_गुपित, तुम्हाला दोष देत नाही, त्या काळी सगळे डॉक्टर हेच सांगायचे, मीही. पण विसरण्यावर आता भिस्त ठेवू नका. तुम्ही दोघं ओ गटाचे आणि मुलाचा बी निघाला तर शाळेतलं जीवशास्त्रच पुरतं. शिवाय थुंकीवरून नातेवाईक शोधणाऱ्या डीएनए चाचण्या आहेत. परदेशी शिकायला गेलेला मुलगा मित्रांबरोबर गंमत म्हणून करतो आणि मग रात्री अडीचला घरी फोन येतो. जाईजुई, बँकेकडून रक्तगट जुळवून घ्या, पण त्यावर लपवाछपवीचा इमला उभा करू नका.

आता दुसऱ्या मुलाबद्दल एक वैद्यकीय मुद्दा, जो कोणी मांडला नाही. आई तीच आणि दाता तोच असेल तर दोन मुलं जनुकीयदृष्ट्या पूर्ण सख्खी. बोनमॅरो प्रत्यारोपणाची वेळ आली तर सख्ख्या भावंडाचं पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. दाता वेगळा असेल तर पूर्ण जुळणं जवळपास विसरा. अर्धं जुळू शकतं आणि हल्ली अर्ध्या जुळणीवरही प्रत्यारोपण होतं, पण ते जास्त अवघड. बोरिवलीत महापालिकेचं थॅलेसेमिया आणि बोनमॅरोचं केंद्र आहे, तिथे एकदा जाऊन बसलात की हा चारात एक आकडा आईबापांना काय वाटतो ते कळेल.

ह्याचीच उलटी बाजूही सांगतो. तुम्ही थॅलेसेमिया मायनर (नुसत्या वाहक) असाल आणि दाताही निघाला, तर प्रत्येक मुलाला मेजरचा, म्हणजे प्रत्यक्ष आजाराचा, धोका चारात एक. म्हणून तुमची आणि दात्याची तपासणी आधी. आणि पहिल्या मुलात काही आनुवंशिक दोष दिसला तर "तोच डोनर" हा हट्ट सोडायचा, आधी जेनेटिक काउन्सेलर गाठायचा, आणि बँकेला लेखी कळवायचं.

जाईजुई_२
डॉक्टरकाका, आम्ही दोघंही ओ पॉझिटिव्ह. थॅलेसेमिया माझा निगेटिव्ह आहे.

नवऱ्याने सगळा धागा वाचला. तो म्हणाला, "ह्यातून गेलेल्या एकाही बाप्याने लिहिलेलं नाही." मी म्हटलं तू लिही. तर नाही म्हणे.

खारघरचा_बाबा
मग मी लिहितो, त्यांना वाचायला द्या.

माझी दोन मुलं, मुलगा आणि मुलगी, दोघं डोनरची, डोनर एकच. आधीच गर्भ गोठवले होते, प्रयोगशाळेतली म्हणतात तसेच. पहिल्या वेळी मी फार विचार न करता सह्या केल्या. बायको रडत होती, ते थांबावं एवढंच डोक्यात होतं. दुसऱ्या वेळी मात्र अडलो. पोरगा तेव्हा तीन वर्षांचा, रात्री माझ्याच पोटावर झोपायचा, माझ्यासारखाच हात डोक्याखाली घेऊन. मला वाटलं, हा झाला की माझा. आता पुन्हा त्या खोलीत बसून "पतीची संमती" ह्या रकान्यावर सही करायची म्हणजे पुन्हा स्वतःला सांगायचं की तुझ्याकडून होत नाही. राग डोनरचा नव्हता. त्या रकान्याचा होता.

बायकोने घाई केली नाही. जवळजवळ वर्ष गेलं. दरवर्षीचं साठवणीचं बिल आलं, ते मी भरलं, आणि भरताना लक्षात आलं की नको असतं तर मी भरलं नसतं.

तोच डोनर असल्याचा मला एक फायदा झाला, जो कोणी लिहिला नाही. वेगळा असता तर मी आयुष्यभर तुलना केली असती. हे ह्याच्यात त्या माणसाचं, ते तिच्यात दुसऱ्या माणसाचं. घरात दोन परके पुरुष झाले असते. एक असल्यामुळे तो मागे पडला. पोरं आता इतकी एकमेकांसारखी दिसतात की लोक म्हणतात बापावर गेलीत. मी हो म्हणतो.

माझ्या आईला अजून माहीत नाही. मुलांना माहीत आहे. ही कसरत सोपी नाही, मुलगी एकदा आजीसमोर बोलून गेली, आजीला वाटलं रक्तदानाबद्दल चाललंय. तुमच्या सासूबाईंचं आधीच ठरवून टाका. पहिल्याला सांगणार आणि दुसऱ्याला नाही, असं करता येत नाही, आणि मुलांना सांगून आजीला नाही हेही फार वर्षं करता येत नाही.

एकटी_पण_दुकटी
बाबा, हे बिलाचं वाचून डोळ्यांत पाणी आलं.

ठाण्याची_ठमी
वाचनखूण साठवली आहे.

गोड_गुपित
खारघरचा_बाबा, मुलांना पहिल्यांदा कुठल्या शब्दांत सांगितलंत? आठवीतल्या मुलाला कसं सांगतात?

खारघरचा_बाबा
ताई, आमची लहान होती, तेव्हा "बाळ व्हायला दोन बिया लागतात, बाबाची नव्हती, एका काकांनी दिली" एवढंच. आठवीतल्यासाठी हे चालणार नाही. विपू करतो, आम्हाला ज्या समुपदेशक बाईंचा उपयोग झाला त्यांच्याबद्दल लिहितो. एकट्याने करू नका, तुम्ही दोघंही समोर असा.

प्रयोगशाळेतली
एक राहिलंच. उरलेल्या गर्भांचं काय, हेही आधी बोलून घ्या. दोन मुलं झाली आणि दोन गर्भ उरले, की लोक वर्षानुवर्षं बिल भरत राहतात, कारण "नष्ट करा" वर सही करवत नाही. संशोधनासाठी देता येतात, तोही पर्याय फॉर्मवर असतो. म्हणूनच जमतील तेवढी सगळी अंडी फळवायची की काही तशीच गोठवायची, हे डॉक्टरांना विचारा. नुसती अंडी गोठवलीत तर पुढे व्हायल लागेल, म्हणजे पक्षकारताईंचं पत्र लागेलच.

दादर_पश्चिम
आम्ही दोघी आहोत, एकत्र राहतो. जोडपं म्हणून कायद्यात बसत नाही. एक जण एकटी बाई म्हणून करू शकते, दुसरीचं नाव कुठेच नाही. दुसरं मूल दुसरीने पोटात वाढवायचं, डोनर तोच, अशी आमची इच्छा होती. एका दात्याची दोन बायकांना परवानगी मिळणार नाही असं सांगण्यात आलं, कारण कागदावर आम्ही दोन वेगळ्या. फक्त नोंदवून ठेवते.

पक्षकार
दादर_पश्चिम, नोंदवलंत ते बरं केलंत. विपू करते.

जाईजुई_२
बरेच दिवस गायब होते. काय ठरलं ते सांगते, एवढं लिहिलंत सगळ्यांनी.

आयव्हीएफ करतोय, गर्भ गोठवणार. अंडी जास्त निघाली तर काही तशीच ठेवणार. डोनर ओ पॉझिटिव्ह, थॅलेसेमिया निगेटिव्ह. फोटो नसतो, उंची, रंग, शिक्षण एवढंच कागदावर. वाचताना विचित्र वाटलं, स्थळांच्या वहीसारखं. नवरा म्हणाला, "ह्याची उंची माझ्याइतकीच आहे, पुढे जा."

सासूबाईंना सांगितलं. त्याने स्वतः सांगितलं, मी स्वयंपाकघरात होते. त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मला विचारलं, "तो मनुष्य निर्व्यसनी आहे ना?" सध्या एवढ्यावरच आहे.

पक्षकारताई, ते पत्र कसं लिहायचं? क्लिनिकला की बँकेला?

पक्षकार
दोघांना, एकच मजकूर. असं लिहा: "आमच्या उपचारासाठी वापरलेल्या दाता क्रमांक अमुक ह्याच्या शिल्लक व्हायल आमच्या पुढील अपत्यासाठी आमच्या नावे राखून ठेवाव्यात. किती शिल्लक आहेत, साठवणीची मुदत कधी संपते व वार्षिक शुल्क किती, हे लेखी कळवावे. दाता क्रमांक आमच्या फाइलमध्ये नमूद करावा. आम्हाला कळवल्याशिवाय त्या नष्ट करू नयेत." खाली दोघांच्या सह्या, पोचपावतीचा शिक्का घ्या. बँक आणि क्लिनिक दोन्हींचे नोंदणी क्रमांकही लिहून घ्या. क्लिनिक लेव्हल दोनचं आहे ना ते बघा, लेव्हल एकला फक्त आययूआयची परवानगी असते.

जाईजुई_२
लेव्हल दोनच आहे, रिसेप्शनच्या मागे सर्टिफिकेट लावलंय. पत्र आज टाइप करते. डोनर कोड द्यायला आधी का-कू करत होते, "पेशंटला देत नाही" म्हणे. नवऱ्याने सांगितलं, "नाव नकोय, नंबर हवाय, दुसऱ्या बाळासाठी." दिला.